‘रन’ म्हणजे काय काय

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतील ‘रन’ या क्रियापदाची नोंद २०११ साली नव्याने लिहून झाली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ नोंदले गेले होते. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका क्रियापदासाठी सुमारे नऊ महिने खर्ची घातले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या तेवढ्याच लहान शब्दाकडे होता. कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ दिले होते आणि ती एक नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची होती. ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले ही बातमी मग जगभर फिरली आणि तिच्यातून एक समज पक्का झाला. तो असा, की इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात या तीन अक्षरी शब्दाखाली सहाशेहून अधिक वेगवेगळे अर्थ कुठेतरी साठवलेले असतात, आणि इंग्रजी शिकणाऱ्याने ते एकेक करून मिळवायचे असतात. संख्या खरी आहे, समज मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा हे तपासू लागलो, की शब्दाचा अर्थ राहतो कुठे या जुन्या प्रश्नावरही बराच उजेड पडतो. माझे म्हणणे असे, की हे ६४५ अर्थ एकट्या ‘रन’मध्ये नाहीतच. ते ‘रन’ आणि त्याच्या आसपास येणारे शब्द यांच्यात वाटलेले आहेत. कोशकाराने मोजली ती त्यांच्या संगतीची रूपे.

आधी हे मोजमाप होते कसे ते पाहू. इंग्रजीचे तोवरचे कोश अपुरे आहेत अशी चर्चा लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली सुरू झाली. त्या चर्चेतून जो प्रकल्प उभा राहिला, त्याचे संपादन १८७९ पासून जेम्स मरे यांनी केले आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले. पद्धत अशी, की शेकडो स्वयंसेवक वाचक पुस्तके वाचत, शब्दाचा वापर दाखवणारे वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवत आणि ती चिठ्ठी संपादकांकडे पाठवत. संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या समोर मांडून त्यांचे गठ्ठे करी. सारखा वापर दिसला की चिठ्ठी त्याच गठ्ठ्यात, जरा वेगळा वाटला की नवा गठ्ठा. प्रत्येक गठ्ठ्याला एक व्याख्या मिळाली की तो एक अर्थ झाला. आज चिठ्ठ्यांची जागा संगणकातल्या अवाढव्य वाक्यसंग्रहांनी घेतली आहे, पण गठ्ठे करणे हे काम संपादकाच्या जाणकारीवरच चालते. दोन वापर एका गठ्ठ्यात ठेवायचे की दोन, हे वाक्ये आपण होऊन सांगत नाहीत. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश काढला तेव्हाच ही अडचण प्रस्तावनेत मांडून ठेवली होती. काही साध्या, सैल क्रियापदांचा माग काढणे सर्वांत कठीण जाते असे सांगून त्यांनी अशा क्रियापदांची यादीच दिली, आणि तिच्यात ‘सेट’ही आहे, ‘रन’ही आहे. ‘टेक’ या क्रियापदाचे त्यांनी १३४ वापर दिले. अर्थ एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवता येत नाही, ही त्यांची कैफियत आजही तितकीच खरी आहे.

म्हणूनच कोश बदलला की आकडा बदलतो. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून तयार होत गेलेल्या ‘वर्डनेट’ या संगणकीय शब्दजालात ‘रन’ क्रियापदाचे ४१ अर्थ आहेत. श्टेफान ग्रीस या भाषाशास्त्रज्ञाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश आणि अमेरिकन वाक्यसंग्रहांतले ‘रन’चे ८१५ वापर घेतले आणि त्यांचे चाळीसहून अधिक अर्थ मानले. भाषा तीच, क्रियापद तेच, आणि आकडे ४१ ते ६४५. या मोजण्यांपैकी एक बरोबर आणि बाकीच्या चूक असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येकाची चाळणी वेगळी आहे. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे. शेकडो वर्षांपूर्वी लुप्त झालेला वापरही त्यात राहतो आणि जहाजावरचा, खाणीतला, शिकारीतला खास वापरही राहतो. ‘सेट’ आणि ‘रन’ यांची तुलना तर याहून डळमळीत आहे. दुसरी आवृत्ती १९८९ची असली तरी तिचा बहुतेक मजकूर पहिल्या आवृत्तीचाच होता. त्यात १९७२ ते १९८६ या काळात निघालेल्या चार पुरवणी खंडांची भर मिसळली होती. म्हणजे ‘सेट’चे ४३० अर्थ मुख्यतः पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे केलेल्या गठ्ठ्यांचे, आणि ‘रन’चे ६४५ एकविसाव्या शतकातल्या गठ्ठ्यांचे. शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मोजण्या शेजारी ठेवून एका शब्दाला विजयी ठरवणे मला पटत नाही.

या विजयाचे एक आकर्षक कारणही तेव्हा सांगितले गेले. यंत्रयुगाने ‘रन’ला पुढे आणले. आगगाड्या, गिरण्या, इंजिने, घड्याळे आणि शेवटी संगणकाचे प्रोग्रॅम हे सारे इंग्रजीत ‘रन’ होते, तर ‘सेट’ हा मांडून ठेवण्याचा, स्थिर करण्याचा, जुन्या संथ जगाचा शब्द. यात तथ्य आहे, पण अर्धेच. यंत्रे आली तेव्हा त्यांच्यासाठी ‘रन’च का निवडला गेला, ‘गो’ किंवा ‘वर्क’ एकट्याने का पुरले नाहीत, हे त्या कारणातून कळत नाही. त्यासाठी शब्दाच्या फार जुन्या इतिहासात जावे लागते. साधारण समजूत अशी, की ‘रन’ म्हणजे मुळात पायांनी धावणे, आणि नदीचे वाहणे, नाकाचे गळणे, यंत्राचे चालणे हे सगळे त्यावरून बेतलेले लाक्षणिक अर्थ. ग्रीसच्या ८१५ वाक्यांत पायांनी वेगाने धावण्याचा अर्थ सर्वाधिक वेळा, सुमारे पाव वाक्यांत, येतो, त्यामुळे या समजुतीला बळ मिळते. पण इतिहास निराळे सांगतो. जुन्या जर्मानिक भाषांतल्या ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याचा अर्थ धावणे हा जितका होता तितकाच वाहणे हाही होता. आजच्या जर्मनमध्ये ‘रिनेन’ म्हणजे पाण्याचे वाहणे, झिरपणे. नदी ‘रन’ होते ते धावणाऱ्या माणसाकडून उसने घेऊन नव्हे. पाण्याचा अर्थ त्या शब्दात पहिल्यापासून मुरलेला आहे. ठरल्या मार्गाने, खंड न पडता पुढे जात राहणे, हा पाण्याचा गुण डोळ्यांपुढे ठेवला की यंत्राला हाच शब्द का शोभला ते समजते. सलग चालू असणारे यंत्र धावणाऱ्या माणसापेक्षा वाहत्या पाण्याला जवळचे आहे.

इतिहासातच या अर्थबाहुल्याचे दुसरे कारण सापडते, आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’, ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ अशा जोड्या आहेत. क्रिया आपली आपण घडली की एक रूप, कुणी ती घडवून आणली की दुसरे. जुन्या जर्मानिक भाषांतही अशीच सोय होती. पळणे-वाहणे यासाठी एक क्रियापद आणि पळवणे-वाहवणे यासाठी त्यापासून साधलेले दुसरे, प्रयोजक. इंग्रजीत ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून गेली आणि एकच ‘रन’ उरले. त्यामुळे दुकान चालते तेही ‘रन’ आणि दुकान चालवतो तेही ‘रन’. पाणी वाहते तेही ‘रन’ आणि अंघोळीसाठी टबात पाणी सोडतो तेही ‘रन’. जे काम मराठीत प्रत्ययाने होते ते इंग्रजीत वाक्यरचनेवर सोपवलेले आहे आणि कोशात मात्र ते दोन स्वतंत्र अर्थ म्हणून दिसते. आता गंमत पाहा, की ज्याच्याशी ‘रन’ची शर्यत लावली गेली तो ‘सेट’ हा तर ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे, अगदी आपल्या ‘बसणे’पासून झालेल्या ‘बसवणे’सारखे. तिथे जोडी टिकली, इथे मोडली. अर्थांची गणती करताना मोडलेल्या जोडीचे दोन्ही भाग एकाच शब्दाच्या खाती जमा होतात हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. नदी ‘रन’ होते तेव्हा मराठीत ती वाहते. नाक ‘रन’ होते तेव्हा ते गळते. कपड्याचा रंग ‘रन’ झाला तर तो जातो किंवा उतरतो. रस्ता ‘रन’ होतो तेव्हा तो अमुक गावाहून तमुक गावाला जातो. कारखाना चालतो, नाटक चालते, करार अमुक वर्षे चालू राहतो. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते म्हणजे छापते, वाहनचालक लाल दिवा ‘रन’ करतो म्हणजे सिग्नल तोडतो, कुणी धोका ‘रन’ करतो म्हणजे पत्करतो, कुणाच्या अंगात ताप ‘रन’ होतो म्हणजे त्याला ताप असतो. एका क्रियापदासाठी मराठीला दहा-बारा क्रियापदे लागली, म्हणून ‘रन’चे दहा-बारा अर्थ सिद्ध झाले असे वाटते. पण हीच कसोटी उलट फिरवून पाहा. भूक लागते, वेळ लागतो, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, दार लागते, सिनेमा लागतो, आंबा गोड लागतो, वाटेत गाव लागते, झाडाला फळे लागतात, आणि कुणी आपला मामाही लागतो. यातील एकेक वाक्य इंग्रजीत नेताना निराळे क्रियापद शोधावे लागेल. तरी मराठी बोलणाऱ्या कुणालाही आपण ‘लागणे’चे डझनभर अर्थ पाठ केले आहेत असे वाटत नाही. ‘भूक’ उच्चारली की ‘लागणे’चा अर्थ ठरलेला असतो, ‘निकाल’ उच्चारला की तो वेगळ्या तऱ्हेने ठरलेला असतो, आणि हा फरक करणारा शब्द ‘लागणे’ नाही, शेजारचे नाम आहे. ‘रन’चेही तसेच. पाणी, नाक, यंत्र, ताप, निवडणूक ही नामे आपला अर्थ घेऊन येतात. क्रियापद त्या अर्थाला एक सामान्य आकार देते, सातत्याचा, पुढे सरकण्याचा, चालू असण्याचा. भाषांतरात जे दहा शब्द दिसतात ते मराठीने या संगतींची केलेली वाटणी दाखवतात. इंग्रजी भाषकाच्या मनात तेवढे कप्पे आहेत याचा तो पुरावा नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. धातूंना अनेक अर्थ असतात हे पतंजलीने महाभाष्यात मान्य केले होते. भर्तृहरीने वाक्यपदीयात त्यापुढचा प्रश्न हाताळला. शब्द अनेकार्थी असेल तर ऐकणारा नेमका अर्थ ठरवतो कशावरून? त्याने दिलेल्या गमकांत संसर्ग आहे, साहचर्य आहे, विरोध आहे, प्रकरण आहे, दुसऱ्या शब्दाची सन्निधी आहे, औचित्य आहे, देश आणि काल आहेत. शेजारच्या शब्दापासून प्रसंगापर्यंत सगळे त्यात आले. विसाव्या शतकात इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते असा आग्रह धरला, आणि आजचे वाक्यसंग्रहावर आधारलेले कोशकार्य त्याच वाटेने चालते. दोघांमध्ये सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे, आणि भर्तृहरीची यादी फर्थच्या सूत्रापेक्षा व्यापक आहे असे माझे मत आहे. कारण नुसते शेजारचे शब्द नेहमी पुरत नाहीत. इमारतीला आग लागलेली असताना कुणी एकच शब्द ‘रन’ असा ओरडला, तर संगतीला दुसरा शब्द नसूनही अर्थात तीळभर संदिग्धता राहत नाही. तिथे प्रकरण बोलते.

इंग्रजीत ‘रन’ला अव्यये जोडून झालेले वापर वेगळे पाहावे लागतात. ‘रन आउट’ म्हणजे संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा धडकणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे, ‘रन डाउन’ म्हणजे निंदा करणे. इथे अर्थ कुणाचा, क्रियापदाचा की अव्ययाचा? यास्काच्या निरुक्तात हाच वाद उपसर्गांबद्दल आला आहे. शाकटायन म्हणे, उपसर्गाला स्वतःचा अर्थ नसतो, तो नामाच्या किंवा क्रियापदाच्या अंगचा अर्थ फक्त उजळतो. गार्ग्य म्हणे, उपसर्गांना स्वतःचे विविध अर्थ असतात. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या शब्दांत धातू एकच असून अर्थ पाच दिशांना गेलेले आपण रोज वापरतो, तेव्हा गार्ग्याचे म्हणणे डावलता येत नाही. पण ‘आ’ आणि ‘हृ’ यांचे अर्थ नुसते जोडून ‘जेवण’ हा अर्थ निघत नाही, हेही तितकेच खरे. जोडी म्हणून वापर रुळला आणि जोडीला अर्थ मिळाला. ‘रन ओव्हर’चा अर्थ दोन शब्दांत विभागून दाखवण्याचा खटाटोप म्हणूनच फसतो. क्रिकेटमुळे मराठीला हे चांगले ठाऊक आहे. ‘रन आउट’साठी आपण ‘धावबाद’ केले, ‘धावा’ आणि ‘धावफलक’ रूढ केले, विमानतळावरच्या ‘रनवे’लाही ‘धावपट्टी’ म्हटले. चेंडू सीमापार गेला की कुणीही न धावता चार धावा मिळतात आणि त्या ‘धावा’ म्हणताना कुणी अडखळत नाही. इंग्रजीतली संगत मराठीत आली आणि तिच्याबरोबर ‘धाव’ या शब्दाला नवा अर्थ आला.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की अर्थ सगळा संगतीतच असेल तर ‘रन’चे वेगळे अर्थ म्हणायचेच कशाला? एखाद्याने मॅरेथॉन ‘रन’ केली आणि कंपनी ‘रन’ केली या दोन गोष्टी भिन्न आहेत हे कोण नाकारील? नाकारण्याचे कारण नाही, आणि हा भेद तपासायची एक चांगली कसोटीही आहे. दोन्ही नामे एकाच क्रियापदाला एका दमात जोडून पाहायची. ‘त्याला भूक आणि तहान लागली’ हे वाक्य सरळ आहे. ‘त्याला भूक आणि नोकरी लागली’ हे ऐकताच मन अडते. इंग्रजीतही ‘त्याने मॅरेथॉन आणि कंपनी रन केली’ असे म्हटले की तसाच झटका बसतो. म्हणजे संगतीचे काही गट खरोखर एकमेकांपासून दूर आहेत. पण या कसोटीने गट फार थोडे पडतात. कारखाना आणि दुकान, बस आणि आगगाडी, नळ आणि नदी या जोड्या सहज एकत्र नांदतात. शिवाय मधल्या पायऱ्या धूसर आहेत. बस ‘रन’ होते त्यात पुढे सरकणेही आहे आणि सेवा चालू असणेही आहे. मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी धावली असे आपण मराठीतही म्हणतो, आणि रविवारी कमी गाड्या धावतात असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात चाके फिरताना दिसतात, दुसऱ्यात वेळापत्रक दिसते. हे दोन अर्थ की एक? कुठे रेघ मारायची ते संपादक ठरवील, आणि प्रामाणिक संपादक ती रेघ आपणच मारली हे मान्य करील. ब्रिटिश कोशतज्ज्ञ अ‍ॅडम किलगॅरिफ यांनी १९९७ साली आपल्या निबंधाच्या शीर्षकातच शब्दार्थांच्या अशा कप्प्यांवर आपला विश्वास नसल्याचे जाहीर केले होते. कोशनिर्मितीत आयुष्य घालवलेल्या माणसाने हे म्हणावे याला वजन आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो अधिक अवघड आहे. संगत बाजूला काढली की खाली एकच अमूर्त अर्थ उरतो, मग ‘रन’ला एकार्थी का म्हणू नये? चार्ल्स रूल यांनी १९८९ साली एकार्थतेवर लिहिलेल्या ग्रंथात असाच पक्ष मांडला. अनेकार्थी दिसणाऱ्या इंग्रजी क्रियापदांना एक व्यापक अर्थ असतो, बाकीचा तपशील संदर्भ पुरवतो. हे माझ्या भूमिकेच्या जवळचे आहे, म्हणूनच ते कुठे कमी पडते ते सांगायला हवे. ‘खंड न पडता पुढे चालू राहणे’ एवढ्या सामान्य अर्थावरून प्रत्यक्ष वापराचे भाकीत करता येत नाही. इंग्रजीत ताप ‘रन’ होतो, खोकला होत नाही, जरी खोकलाही चालूच राहतो. मराठीत ‘चालणे’चा सामान्य अर्थ ‘रन’च्या फार जवळ आहे. दुकान चालते, घड्याळ चालते, नाणे चालते, आणि होकार देतानाही आपण ‘चालेल’ म्हणतो. तरी नाक ‘चालत’ नाही, ते गळते. निवडणुकीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो परंपरेने ‘स्टँड’ करतो, म्हणजे मराठीप्रमाणे उभा राहतो. भाषा एक, कृती एक, आणि क्रियापदे धावण्याची आणि उभे राहण्याची, जवळजवळ परस्परविरुद्ध. कोणताही अमूर्त अर्थ हे आधी सांगू शकला नसता. कोणते नाम कोणत्या क्रियापदाशी नांदेल हे समाजाने ठरवलेले असते आणि ते एकेक करून शिकावेच लागते. शिकायचे असते ती जोडी, क्रियापदाचा क्रमांकित अर्थ नव्हे. माझी भूमिका आणि एकार्थवाद यांतला फरक हाच आहे.

मानसशास्त्राचे पुरावे या भूमिकेशी जुळतात. जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पडद्यावर दिसणारी अक्षरे हा खरा शब्द आहे की नाही एवढेच लोकांनी सांगायचे होते. ज्या शब्दांना एकमेकांशी संबंध नसलेले दोन अर्थ होते ते ओळखायला अधिक वेळ लागला. ज्यांना अनेक पण परस्परसंबद्ध अर्थ होते ते मात्र लवकर ओळखले गेले. ६४५ कप्पे उघडझाप करून बघावे लागत असते तर ‘रन’सारखा शब्द वाचणाऱ्याला थकवणारा ठरला असता. घडते उलट. संबंधित वापर एकमेकांना आधार देतात. जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली दाखवलेला संबंधही इथे आठवतो. शब्द जितका वारंवार वापरला जातो तितके त्याचे कोशातले अर्थ वाढतात, साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. वारंवार वापरला जाणारा शब्द जास्त शब्दांच्या संगतीत येतो, म्हणून त्याच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे जास्त पडतात. अर्थबाहुल्य हे भाषेतले एखादे दुर्मीळ नवल असते तर ते दुर्मीळ शब्दांतही विखुरलेले दिसले असते. ते सापडते ‘करणे’, ‘घेणे’, ‘लागणे’, ‘रन’, ‘टेक’ यांच्याच ठायी.

यंत्रभाषांतराचा इतिहास तर या वादाचा जणू प्रत्यक्ष प्रयोग ठरला. वॉरन वीव्हर यांनी १९४९च्या टिपणात एक साधी कल्पना मांडली. पानावर झाकण ठेवून एकाच शब्दापुरते भोक पाडले तर त्या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही. भोक रुंद करून दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू दिले तर सांगता येईल. येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली याला कडवे उत्तर दिले. ‘पेन’मध्ये खोका होता या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, लहान मुलांना खेळायला ठेवायची कुंपणाची जागा, हे कळायला खोका आणि लेखणी यांचे आकार माहीत हवेत. शेजारचे शब्द ते सांगत नाहीत. आक्षेप रास्त होता आणि पुढची काही दशके संशोधक शब्दाच्या अर्थांची यादी आधी हाती घेऊन वाक्यात त्यातला कोणता क्रमांक लागू आहे हे यंत्राला ओळखायला लावत राहिले. या कामी ‘वर्डनेट’च्या बारीक भेदांवर प्रशिक्षित माणसांचेही एकमत होत नसे, ही अडचण वारंवार पुढे आली. २०१८ साली ‘बर्ट’सारखी प्रारूपे आली तेव्हा यादीच बाजूला पडली. तिथे शब्दाला एक कायमचा अर्थ दिलेला नसतो. प्रत्येक वाक्यात त्या वाक्यातल्या इतर शब्दांना पाहून त्याचे वेगळे अंकरूप तयार होते. नळाबरोबर आलेला ‘रन’ आणि निवडणुकीबरोबर आलेला ‘रन’ यांची रूपे निराळी, आणि नळ व नदी यांच्याबरोबरची जवळजवळची. अशी प्रारूपे भाषा हाताळतात म्हणून माणसाचे मनही तसेच चालते असे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करतो. पण अर्थांची क्रमांकित यादी ही आकलनाची पूर्वअट आहे हा दावा मात्र त्यांनी निकालात काढला. यादीशिवाय काम होते.

मग ६४५ अर्थांची नोंद निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. ऐतिहासिक कोशाचे काम प्रत्येक संगत केव्हा सुरू झाली, कुठून कुठे गेली, केव्हा मालवली हे दाखवणे आहे, आणि त्यासाठी नऊ महिने ही फार मोठी किंमत नव्हे. चूक होते ती हा नकाशा शिकणाऱ्याच्या हाती पाठांतराची यादी म्हणून दिला जातो तेव्हा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि ‘रन म्हणजे धावणे’ ही जोडी मुले फार लवकर शिकतात. पुढे नाक, नळ, दुकान आणि निवडणूक समोर येतात तेव्हा प्रत्येक वेळी हा अपवाद आहे असे सांगावे लागते, आणि अपवाद नियमापेक्षा कितीतरी जास्त होतात. मराठी विद्यार्थ्यासाठी कोश करायचा तर ‘रन’ची नोंद अर्थांच्या क्रमांकांनी न लावता नामांच्या गटांनी लावावी असे मला वाटते. पाणी, नाक आणि रंग एका ठिकाणी, समोर वाहणे, गळणे आणि उतरणे. यंत्र, दुकान आणि बस दुसऱ्या ठिकाणी, समोर चालणे आणि चालवणे, दोन्ही रूपे शेजारी. ‘आउट’, ‘इंटू’ आणि ‘ओव्हर’ यांच्या जोड्या शब्द म्हणूनच स्वतंत्र, उपसर्ग लागलेल्या धातूंसारख्या. निवडणुकीपुढे अमेरिका आणि ब्रिटन असा खुलासा. मुलगा मैदानात धावतो तो वापर पहिला द्यायला हरकत नाही, पण ते त्या शब्दाचे मूळ घर आहे असे भासवू नये. आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीचा कोश करताना ‘लागणे’ची नोंदही याच रीतीने, भूक, वेळ, आग, नोकरी, निकाल अशी एकेका नामाच्या हाताला धरून लावता येईल.